घर नसलेली दप्तरे : ज्यू-संहारातील व्यक्तिगत कागद आणि आपल्याकडील दुवे

मराठ्यांच्या इतिहासाची साधने ज्या रीतीने उजेडात आली ती रीत आपल्या अभ्यासकांच्या इतकी परिचयाची आहे, की तिच्या मुळाशी असलेले एक गृहीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इ. स. १८९८ मध्ये राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढे बावीस खंडांपर्यंत ते काम नेले. वाड्यांचे माळे, देवघरातील पेट्या, भिंतींतील कोनाडे हीच त्यांची पुराभिलेखागारे होती. आपल्या वऱ्हाडात बुलढाण्याचे या. मा. काळे यांनी प्रांताचा इतिहास लिहिताना हाच मार्ग स्वीकारला. १९२४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' आजही हाताशी ठेवावा लागतो. या सर्व उद्योगाचे गृहीत असे, की कागद गेला तरी घर राहते. देशमुख-देशपांड्यांचे वैभव ओसरते, वंशज दप्तराबद्दल उदासीन होतात, कसर लागते, क्वचित रद्दीच्या भावाने कागद वाण्याकडे जातात. पण दार ठोठावले तर उघडणारा कोणी तरी वंशज असतो. संशोधकाचा कस लागतो तो त्या वंशजाची समजूत घालण्यात.

हे गृहीत जेथे समूळ नाहीसे झाले अशा एका दप्तरसृष्टीचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे. १९४१ ते १९४५ या काळात नाझी जर्मनीने व तिच्या साहाय्यकांनी युरोपातील सुमारे साठ लक्ष ज्यूंचा वध केला. पूर्व युरोपातील शेकडो गावी माणसांबरोबर त्यांची घरे, प्रार्थनामंदिरे, शाळा आणि स्मशानेही गेली. जेथे मालक, वारस आणि शेजारी असे तिघेही एकाच आठवड्यात नाहीसे झाले, तेथे दार ठोठावण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून या संहारातील बळींचे व त्यातून वाचलेल्यांचे व्यक्तिगत कागद, म्हणजे पत्रे, रोजनिशा, पारपत्रे, शाळेची प्रगतिपुस्तके, छायाचित्रे आणि जबान्या, आज ज्या संग्रहांत आहेत त्यांची घडण आपल्या दप्तरांहून मुळातच वेगळी आहे. या संग्रहांचे काही धागे मुंबई, नगर, पुरंदर व वर्धा येथपर्यंत आलेले आहेत, आणि ते उकलण्यास मराठी अभ्यासकासारखा सोयीचा माणूस दुसरा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभ वॉर्सा येथील दप्तरापासून करणे इष्ट होय. इमान्युएल रिंगेलब्लूम हे व्यवसायाने इतिहासकार. वॉर्सा विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९२७ साली मिळविली होती, आणि पोलंडमधील ज्यूंचा सामाजिक इतिहास हा त्यांचा विषय होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्सातील ज्यू वस्तीला भिंत घालून ती बंद केली, तेव्हा त्यांनी लेखक, शिक्षक, अर्थशास्त्रज्ञ व विद्यार्थी यांचे एक गुप्त मंडळ उभे केले. मंडळाची बैठक शनिवारी होत असे, म्हणून त्याला 'ओनेग शब्बात', म्हणजे शब्बाथाचा आनंद, असे सांकेतिक नाव पडले. (कोकणातील बेने इस्राएलांना शनिवारचा घाणा बंद ठेवण्यावरून 'शनिवार तेली' म्हणत. तोच हा शनिवार.) मंडळाचे काम केवळ रोजनिशी लिहिण्याचे नव्हते. प्रश्नावल्या तयार करून बायका, मुले, निर्वासित, भाकरीचे चोरटे व्यापारी, भीक मागणारे यांची माहिती पद्धतशीर घेतली जात असे. शिधापत्रिका, ट्रॅमची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटांचे वेष्टणकागद, नाटकाच्या जाहिराती, मुलांचे शालेय निबंध, जर्मन हुकुमांचे भित्तिपत्रक, सारे काही जमविले जाई. कोणता कागद पुढे महत्त्वाचा ठरेल हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी विलक्षण नम्रता या संग्रहात दिसते. आपल्याकडे राजकीय पत्रव्यवहार जपून किराणा मालाच्या याद्या टाकून देणाऱ्या संपादकांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

१९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्साहून ट्रेब्लिंका येथील मृत्युकेंद्राकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या आरंभी संग्रहाचा पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून नोवोलिप्की रस्त्यावरील एका शाळेच्या इमारतीखाली पुरण्यात आला. दुसरा भाग फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन कॅनांत भरून त्याच जागी पुरला गेला. पुरण्याच्या कामी मदत करणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलांनी आपापली लहानशी आत्मवृत्ते लिहून त्याच पेट्यांत ठेवली. रिंगेलब्लूम यांना मार्च १९४४ मध्ये कुटुंबासह पकडून ठार मारण्यात आले. मंडळातील बोटांवर मोजण्याइतकी माणसे वाचली. त्यांच्यापैकी हेर्श वासेर यांना जागा ठाऊक होती, आणि राखेल आउअरबाख यांनी शोध घेण्याचा धोशा लावला, म्हणून १८ सप्टेंबर १९४६ रोजी ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या. कॅन निघाले १ डिसेंबर १९५० रोजी. तिसरा भाग पुरला होता असे म्हणतात. तो सापडलेला नाही. पेट्यांत पाणी शिरल्याने कित्येक कागदांची शाई विरघळली होती. एकंदर सुमारे पस्तीस हजार पृष्ठे आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत, आणि १९९९ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिपटात त्यांची नोंद केली.

राजवाड्यांच्या दप्तरांशी तुलना करता भेद स्पष्ट होतो. तेथे कागद घराने राखला, इतिहासकार नंतर आला. येथे इतिहासकार आधी होता, आणि घर राहणार नाही हे जाणूनच त्याने कागद जमिनीच्या स्वाधीन केला. या दप्तराला वारस नाही. त्याचा वाचक हाच त्याचा वारस, अशा बुद्धीने ते रचले गेले आहे. वाचकावर यामुळे एक प्रकारची जबाबदारी येते, व ती टाळण्यास तो मोकळा नाही.

भाषेचा भाग येथेच सांगून टाकावा. ही पृष्ठे यिद्दिश, पोलिश, हिब्रू व जर्मन भाषांत आहेत. यिद्दिश ही मुख्यतः जर्मनकुलीन भाषा, पण ती लिहितात हिब्रू लिपीत. जुन्या पिढीचे जर्मन हस्ताक्षरही छापील अक्षराहून इतके निराळे असते, की आजचा सुशिक्षित जर्मन ते वाचताना अडखळतो. मोडी ज्याला येते त्याला ही अडचण नवी वाटणार नाही. लिपीचे कुलूप लागलेला कागद हा जिवंत असूनही मुका असतो, हे आपण पेशवे दप्तराच्या बाबतीत अनुभवलेलेच आहे.

बळींनी स्वतः राखलेल्या कागदांच्या समोर मारणाऱ्यांचे कागद उभे आहेत, आणि संख्येने ते फार मोठे आहेत. बेल्झेत्स या मृत्युकेंद्राचे उदाहरण घेऊ. जानेवारी १९४३ मध्ये पाठविलेली एक सांकेतिक जर्मन तार ब्रिटिशांनी हस्तगत केली होती. तिचा अर्थ २००१ साली अभ्यासकांपुढे आला. त्या तारेत १९४२ अखेर बेल्झेत्स येथे आणलेल्यांचा आकडा ४,३४,५०८ असा दिला आहे. एककापर्यंत हिशेब, आणि नाव एकही नाही. बेल्झेत्समधून जिवंत सुटून युद्धानंतर आपली हकीकत सविस्तर सांगू शकलेला माणूस जवळजवळ एकच, रुडोल्फ रेडर. त्याची जबानी १९४६ साली क्राको येथे लहानशा पुस्तकरूपाने छापली गेली. ती लुब्लिन येथे १९४४ साली स्थापन झालेल्या ज्यू इतिहास आयोगाच्या खटाटोपाचे फळ होय. या आयोगाने वाचलेल्यांच्या काही हजार जबान्या युद्ध संपते न संपते तोच लिहून घेतल्या.

साधन-चिकित्सेचा एक जुना वाद येथे पुन्हा उपस्थित होतो. समकालीन अस्सल पत्र श्रेष्ठ, उत्तरकालीन बखर दुय्यम, हा दंडक राजवाड्यांनी आपल्याकडे घालून दिला, आणि तो सामान्यतः योग्यही आहे. त्याच न्यायाने १९४२ च्या रोजनिशीपुढे १९९४ नंतर ध्वनिचित्रमुद्रित झालेल्या जबानीला काय किंमत द्यावी? अमेरिकेतील शोआ प्रतिष्ठानाने अशा पन्नास हजारांहून अधिक जबान्या मुद्रित केल्या. त्यांत स्मृतीचे घोटाळे आहेत, तारखा चुकतात, पुढे वाचलेले व पाहिलेले आठवणीत मिसळते. तथापि बेल्झेत्सच्या बाबतीत तारेला 'अस्सल' व रेडरच्या जबानीला 'बखर' म्हणून बाजूस सारणे म्हणजे मारेकऱ्याच्या जमाखर्चालाच इतिहास मानणे होय. कागद अस्सल असणे आणि तो खरे सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याच तारेत माणसांच्या मृत्यूला 'आवक' असे म्हटले आहे.

नावांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. १७ ऑगस्ट १९३८ च्या जर्मन हुकुमान्वये ज्यूंनी, त्यांचे मूळ नाव सरकारी यादीतील ठरावीक ज्यू नावांपैकी नसेल तर, १ जानेवारी १९३९ पासून पुरुष असल्यास 'इस्राएल' व स्त्री असल्यास 'सारा' हे जादा नाव लावावे असे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या पारपत्रांवर तांबड्या शाईत 'जे' हे अक्षर उमटू लागले. म्हणजे सरकारी कागदात सापडणारे नाव हेच कित्येकदा छळाचे साधन असते. जर्मनीतील आरोल्सन येथील संग्रहात, जो दीर्घकाळ आंतरराष्ट्रीय शोधसेवा म्हणून ओळखला जाई, छावण्यांच्या नोंदवह्या, वाहतूक याद्या, मजुरांची कार्डे असे सुमारे तीन कोटी कागद असून ते १ कोटी ७५ लक्ष माणसांविषयी आहेत. २००७ पर्यंत तो संशोधकांस खुला नव्हता. केवळ नातलगांच्या चौकशीला उत्तरे मिळत. त्याच संग्रहात कैद्यांकडून काढून घेतलेली घड्याळे, अंगठ्या व पाकिटातील छायाचित्रे आहेत, आणि त्यांचे वारस शोधून ती परत करण्याचे काम आजही चालते. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने १९५० नंतरच्या दशकात याच्या उलट दिशेने आरंभ केला. तेथे मृताचा नातलग वा परिचित एक छापील पत्रक भरतो. त्यात मृताचे नाव, आईबापांची नावे, गाव, व्यवसाय, मृत्यूचे स्थळ, आणि खाली भरणाऱ्याची सही व नाते असते. अशी पत्रके २५ लाखांहून अधिक आहेत. लंडनच्या वीनर ग्रंथालयाचा उल्लेखही येथे अवश्य केला पाहिजे. आल्फ्रेड वीनर यांनी १९३३ साली जर्मनी सोडून आम्स्टरडॅम येथे कागद जमविण्यास प्रारंभ केला, आणि १९३९ मध्ये संग्रह लंडनला हलविला. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीनंतर अल्पावधीतच त्यांनी तीनशेहून अधिक प्रत्यक्षदर्शींची निवेदने लिहून घेतली. ही निवेदने ताजी असल्याने फार मोलाची आहेत.

आता आपल्या भूमीकडे वळू. १९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकिया येथून ज्यू निर्वासित मुंबईस उतरू लागले. त्यांच्या साहाय्यार्थ १९३४ साली मुंबईत ज्यू साहाय्य मंडळ स्थापन झाले. निर्वासित सरकारवर भार होणार नाही याची हमी हे मंडळ देत असे. जवाहरलाल नेहरूंना या लोकांतील तज्ज्ञ हिंदुस्थानास उपयोगी पडतील असे वाटत होते. सुभाषचंद्र बोस यांचे मत निराळे होते, आणि नेहरूंनी ३ एप्रिल १९३९ च्या बोस यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात या मतभेदाचा उल्लेख आहे. आलेल्यांपैकी काही नावे मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात सर्वश्रुत आहेत. आकाशवाणीची परिचयधून रचणारे वॉल्टर काउफमान हे कार्ल्सबादचे, १९३४ मध्ये आलेले. व्हिएन्नाच्या नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ साली आल्या, मुंबईत त्यांनी नृत्यशाळा चालविली, आणि मागे राहिलेले त्यांचे आईसह अनेक नातलग संहारात मारले गेले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले, आणि जर्मन पारपत्र बाळगणारे पुरुष हे सारे एकाच संज्ञेखाली आले : शत्रुदेशीय परकीय. नाझी पक्षाचा मुंबईतील सभासद आणि नाझींच्या तावडीतून महिन्यापूर्वी सुटून आलेला ज्यू डॉक्टर यांना अहमदनगरच्या एकाच स्थानबद्धता छावणीत डांबण्यात आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी करून बहुतेक निर्वासितांना काही महिन्यांत सोडले. परंतु १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडताच पुन्हा धरपकड झाली. पुढे कुटुंबवत्सल निर्वासितांना व मिशनऱ्यांना सातारा व पुरंदर येथील सौम्य निर्बंधांच्या वसाहतींत ठेवण्यात आले. मुरारबाजीचे व १६६५ च्या तहाचे पुरंदर आपल्या पाठात असते. १९४० नंतरच्या या वसाहतीचे पुरंदर मात्र आपल्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. यात आणखी एक विपर्यास आहे. २५ नोव्हेंबर १९४१ च्या अकराव्या पुरवणी हुकुमाने जर्मन सरकारने देशाबाहेर राहणाऱ्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. म्हणजे जर्मन म्हणून पुरंदरावर ठेवलेला मनुष्य, जर्मनीच्याच कायद्याने, त्या दिवसापासून जर्मन राहिला नव्हता.

परिणाम असा, की या माणसांचे भारतातील अस्तित्व प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या कागदात उरले. गृहखात्याच्या फायली, छावणीच्या याद्या, नागरिकत्वाचे अर्ज हे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनमधील इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत. त्या कागदांत ते संशयित, अर्जदार अथवा हमीदार मिळालेले निर्वासित एवढेच असतात. त्यांचे स्वतःचे कागद त्यांच्याबरोबर पुन्हा समुद्रापार गेले. होल्गर १९४८ मध्ये लंडनला गेल्या, आणि त्यांचा संग्रह कुटुंबीयांनी तेथे जपला. काउफमान यांचे कागद अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत. ज्याला मुंबईचा निर्वासित समजून घ्यावयाचा असेल त्याने फाईल दिल्लीत व पत्रे ब्लूमिंग्टनला वाचावीत, अशी आजची स्थिती आहे. १९९९ मध्ये अनिल भट्टी व योहानेस फोइग्ट यांनी संपादिलेला भारतातील ज्यू निर्वासनाविषयीचा ग्रंथ आणि २०१५ मधील मार्गिट फ्रान्त्स यांचा जर्मन ग्रंथ यांनी ही जुळणी बरीच पुढे नेली. मराठीत तिचा मागमूस फारसा नाही.

वऱ्हाड-नागपूरच्या अभ्यासकाला अधिक जवळचा धागा वर्ध्याचा. मार्गारेटे श्पीगेल या बर्लिनच्या ज्यू शिक्षिका. १९३३ च्या कायद्याने ज्यू शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, त्या वर्षी त्या गांधीजींकडे आल्या. गांधीजींनी त्यांना 'अमला' हे नाव दिले. गांधीजींची त्यांना लिहिलेली अनेक पत्रे समग्र वाङ्मयाच्या शंभर खंडांत छापलेली आहेत. परंतु समग्र वाङ्मय हे गांधीजींचे असल्याने त्यात उत्तरे आहेत, प्रश्न नाहीत. श्पीगेलबाईंच्या मनात बर्लिनचे काय चालले होते हे त्या उत्तरांच्या मागून अंदाजाने ऐकावे लागते. एकतर्फी पत्रव्यवहाराची ही सवय आपल्याला आहेच. पेशव्यांची कित्येक पत्रे आपण अशीच वाचतो.

गांधीजींचा 'द ज्यूज' हा लेख २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन' मध्ये आला. तो त्यांनी वर्ध्याजवळील सेगाव येथे लिहिला होता. जर्मनीतील दंगलीला तेव्हा पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. लेखातील अहिंसेच्या उपदेशाला जेरुसलेमहून मार्टिन बुबेर व यहुदा माग्नेस यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये दीर्घ पत्रांनी उत्तर दिले. गांधीजींचे प्रत्युत्तर आढळत नाही. येथे बुलढाणा जिल्ह्याचा संबंध अनपेक्षितपणे येतो. आपल्या शेगावला रेल्वे स्थानक असल्याने सेगावची टपाल चुकून शेगावला जाई. या घोटाळ्याचा त्रास इतका झाला, की १९४० मध्ये गांधीजींच्या खेड्याचे नाव सेवाग्राम असे बदलण्यात आले. बुबेर यांचे पत्र शेगावच्या टपालात हरवले, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल, आणि गजानन महाराजांच्या गावी जगप्रसिद्ध तत्त्वज्ञाचे पत्र पडून राहिल्याची कथा रंगेलही. परंतु तिला आधार नाही. ती दोन्ही पत्रे त्याच वर्षी पुस्तिकारूपाने छापलीही गेली होती. साधनांतील रिकामी जागा कथेने भरू नये, हा नियम ज्या विषयात लक्षावधी माणसांची नावे हरवली आहेत तेथे अधिकच कडकपणे पाळावा लागतो. सिद्ध आहे ते असे : मार्च १९३९ मध्ये गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतील ज्यू मित्र हेरमान कालेनबाख वर्ध्यास होते, मुंबईचे ज्यू पत्रकार शोहेट यांनीही त्या सुमारास तेथे जाऊन गांधीजींशी चर्चा केली, आणि मुंबईहून वर्ध्याला जाणारी गाडी मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरूनच जाते. कालेनबाख यांच्याकडील गांधीविषयक कागद २०१२ साली लिलावात निघण्यापूर्वीच भारत सरकारने विकत घेतले.

जिल्ह्याच्या पातळीवर काय पाहावे, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. १९३९ च्या परकीय-नोंदणी कायद्याने प्रत्येक परकीयाची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकाकडे होणे आवश्यक केले, आणि खाणावळी-निवासगृहांच्या चालकांनाही परकीय पाहुण्यांची नोंद ठेवणे भाग पडले. बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, १९५६ नंतर मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आला. त्यामुळे त्या काळच्या प्रांतिक फायलींचा माग नागपूर, भोपाळ व मुंबई असा तीन ठिकाणी घ्यावा लागतो. आपला जिल्हा परकीयांना नवा नव्हता. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वे शाखा खुली केल्यापासून युरोपीय कापूस-कंपन्यांची माणसे येथे येत होती, व युद्धारंभी अशा प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व हा पोलिसांच्या चौकशीचा विषय झाला. म्हणून प्रथम नोंदवही, मग त्यावरून गृहखात्याची फाईल, मग आरोल्सनची नावसूची, आणि शेवटी याद वाशेमचे पत्रक, असा क्रम ठेवावा. नाव जुळवताना 'इस्राएल' व 'सारा' ही लादलेली नावे वगळून पाहावे. कारण जर्मन पारपत्रावरून उतरून घेणाऱ्या येथील कारकुनाने ती खरी समजून लिहिलेली असणार. जन्मगाव व जन्मतारीख या दोन नोंदी नावाहून अधिक विश्वसनीय ठरतात. पोलिसांच्या नोंदीत आईबापांच्या नावांची उणीव भासेल. ती पत्रकात मिळतात. पत्रक भरणाऱ्याचा पत्ता मुंबईचा निघाला, तर मग ज्यू साहाय्य मंडळाच्या कागदांकडे वळावे.